ज्याची त्याची रीत, की साऱ्यांना एकच न्याय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्धा, यवतमाळ, अमरावती भागातल्या अभ्यासिकांत, ग्रामसभेनंतरच्या गप्पांत आणि एखाद्या वेळी तेरवीच्या पंगतीतही निघतात. काही स्पर्धा परीक्षेवाल्या पोट्ट्यांचे आहेत, काही बचत गटातल्या बायांचे, काही निव्वळ खोडी काढायला विचारलेले. खोडीचे प्रश्न बहुधा जास्त कामाचे निघतात, म्हणून तेही ठेवले आहेत.

नैतिक सापेक्षतावाद म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली तीन वेगवेगळी विधानं खपवली जातात. पहिलं: वेगवेगळ्या समाजांत बरं-वाईट वेगळं मानतात. यात वाद नाही, चार गावं फिरलेल्या माणसाला ते दिसतं. दुसरं: समाजाच्या रीतीपलीकडे बऱ्या-वाईटाचं दुसरं मापच नसतं. हा तत्त्वज्ञानातला दावा आहे आणि तो सिद्ध करावा लागतो. तिसरं: म्हणून कोणी कोणाला बोलू नये. हा तर उपदेशच झाला. गंमत अशी की लोक पहिल्यावर चढतात आणि थेट तिसऱ्यावर उतरतात. मधलं स्टेशन कोणी बघतच नाही.

जुनं उदाहरण हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचं आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. इराणचा राजा दरायस याने आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कॅलाटिया नावाच्या हिंदुस्थानी लोकांना बोलावलं. ते आईबापांचं प्रेत खात, असं हेरोडोटस लिहितो. त्यांना विचारलं, किती घेतले तर बापाला जाळाल? ते मोठ्याने ओरडले, असलं अभद्र बोलूही नका. हेरोडोटसचा निष्कर्ष असा की रूढी ही सगळ्यांची राणी. पण गोष्ट जरा उलटी धरून पाहा. दोघांनाही मेलेल्या बापाचा मान राखायचा होता. वाद कसा राखायचा एवढाच होता. आपल्याच तालुक्यात कोणी अग्निडाग देतं, कोणी पुरतं, तरी मयतीला दोघंही एकमेकांच्या दारी जातात.

आणि सार्वत्रिक मूल्यं मानणारे काय म्हणतात?

काही गोष्टी कुठल्याही गावात, कुठल्याही काळात चूकच, असं. विनाकारण लेकराला छळणं, विश्वासाने दिलेली ठेव गिळणं. सगळं जग एका साच्यात बसवा, असं त्यातला कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. काही अडाणी म्हणतात, त्यांच्याकडे पुढे येऊच.

आमच्यात मामाच्या पोरीसंग लग्न चालते. उत्तरेत त्याले पाप म्हणतात. खरं कोणाचं?

दोघांचंही चालू द्या. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत कित्येक जातींत मामाची मुलगी हक्काची मानतात. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ती बहीण. गोंडांमध्ये तर हिशेबच निराळा: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात, आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही निषिद्ध नात्यांची यादी दिली आणि जिथे रूढी परवानगी देते तिथे सूट ठेवली. अनुवंशाचा वैद्यकीय मुद्दा आहे, तो डॉक्टरांना विचारावा. पण कोणत्या नात्यात सोयरीक करायची आणि कोणत्यात नाही, ही बाब बरीचशी रीतीची आहे. नवरा-नवरी दोघं राजी असतील तर दुसऱ्या समाजाला त्यात नाक खुपसायचं कारण नाही.

पोरगी राजी नसेल तर? मग ती रीत मामाच्या घरची असो की कोणाच्या, प्रश्न बदलला. तिथे रीत पुरत नाही.

रीत वेगळी दिसली म्हणजे नीती वेगळी, असं समजायचं का?

बऱ्याचदा नाही. मेळघाटात, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याकडे, लेकराचं पोट फुगलं की त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. भूमका, म्हणजे गावचा वैदू, देतो, कधी घरातली म्हातारी देते. तान्ह्या लेकराच्या बेंबीभोवती उठलेले ते डाग पाहिले की शहरातून आलेल्याला वाटतं, यांना माया नाही. माया आहे. लेकरू वाचावं म्हणूनच आईने त्याला धरून ठेवलेलं असतं. तिचं आणि डॉक्टरीणबाईंचं मूल्य एकच, लेकरू जगलं पाहिजे. फरक आहे तो चटक्याने पोटदुखी जाते की नाही या माहितीचा.

म्हणून अशा ठिकाणी नीतीचं प्रवचन वाया जातं. दवाखाना जवळ असावा, तिथे कोणी हजर असावं आणि येणाऱ्याशी नीट बोलावं. भूमकांनाच सोबत घेऊन रोगी आरोग्य केंद्राकडे पाठवायचे प्रयत्न तिकडे झाले, ती वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही इथे रेघ ओढली आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं हा गुन्हा. मंत्र म्हणण्याला कायद्याची हरकत नाही, त्यापायी दवाखान्याची वाट अडवण्याला आहे.

कोणी मोजून पाहिलंय का, सगळ्या समाजांत सारखं काय असते ते?

पाहिलंय. ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 60 समाजांच्या जुन्या नोंदी चाळल्या. घरच्यांना मदत, आपल्या गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, वडीलधाऱ्यांचा मान, न्याय्य वाटणी आणि दुसऱ्याच्या मालकीचा आदर या सात गोष्टी एखादा अपवाद सोडला तर कुठेही वाईट मानलेल्या त्यांना आढळल्या नाहीत. यातली कोणती गोष्ट आधी धरायची हे समाजागणिक बदलतं, पण माल तोच.

उलट बाजूचा पुरावाही द्यायला हवा. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लहान-मोठ्यांना काही प्रसंग सांगून त्यांची मतं घेतली, तो अभ्यास 1987 मध्ये छापून आला. बाप मेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांना सगळ्यात गंभीर अपराधांपैकी वाटला. शिकागोवाल्यांना त्यात अपराधच दिसेना. आपल्याकडे सुतकात कोंबडी शिजवून पाहा, शिकागोचा मुद्दा कोणी ऐकून घेणार नाही.

पण मला खरी अडचण करींच्या यादीतच दिसते. ‘आपल्या गटाशी निष्ठा’ सगळीकडे आढळते, हे खरं. गावाने एका घराचं पाणी तोडलं, दळण बंद केलं, तर ते करणारेही गटाशी निष्ठाच दाखवत असतात. म्हणजे सगळीकडे आढळणं आणि सगळ्यांना लागू असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. डॉ. आंबेडकरांनी बुद्धाच्या धम्मावर लिहिताना नेमकं हेच पकडलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चोरांमध्येही आपसात नीती असते, व्यापाऱ्यांमध्ये असते, जातभाईंमध्येही असते, पण ती गटाचं हित राखणारी असल्यामुळे बाहेरच्याच्या मुळावर येते. म्हणून नीती पवित्रही हवी आणि सर्वांसाठी एकच हवी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जे लोक धम्मात आले, त्यांना गावाच्या रीतीने विहिरीवर चढू दिलं नव्हतं. ‘ज्याची त्याची रीत’ हे तत्त्वज्ञान त्यांना ऐकवून बघा.

मानवी हक्क ही गोऱ्यांची कल्पना. ती आपल्यावर काहून लादता?

ही शंका साधी नाही. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा तयार होत असतानाच, 1947 मध्ये, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने मेलव्हिल हर्सकोविट्स यांच्या पुढाकाराने निवेदन काढलं. पश्चिमेची मूल्यंच जगाची म्हणून खपवली जातील, ही त्यांची भीती. साम्राज्यं अजून उभी होती, भीती खरीच होती. पुढे 1999 मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा स्वीकारला, हेही लक्षात असू द्या.

पण जाहीरनामा केवळ गोऱ्यांनी लिहिला हे चूक आहे. चीनचे पी. सी. चांग होते, लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, आणि भारताच्या हंसा मेहता होत्या. सगळे पुरुष समान, अशा अर्थाची ओळ होती, ती त्यांनी आग्रहाने सगळी माणसं समान अशी करायला लावली. 10 डिसेंबर 1948 ला 48 देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकही नाही, 8 तटस्थ. तटस्थ कोण? सोव्हिएत गटातले देश, सौदी अरेबिया आणि वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका. आता सांगा, दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या मजुराला विचारलं असतं तर तो तटस्थ राहिला असता का? ‘आमची संस्कृती वेगळी’ हे वाक्य कोण बोलतो ते आधी बघावं. गावातही तो सहसा रीतीची झळ बसणारा नसतो.

बाहेरच्यांनी बोलूच नये का मग?

बोलावं, पण बाहेरच्यांची करणीही आठवावी. इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्या धोरणात अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या. देशभर कित्येक जमातींच्या कपाळी तो शिक्का बसला, आपल्याकडचा पारधी समाज आजही त्याची शिक्षा भोगतो. 31 ऑगस्ट 1952 ला शिक्का कायद्याने पुसला, तरी वावरातली मोटार चोरीला गेली की आधी कोणाच्या पालावर लोक जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. तो कायदाही नीतीच्याच नावाने आला होता. साच्यात बसवणारे अडाणी म्हटलं ते हेच.

गोटूलचंही तसंच. गडचिरोलीच्या माडिया-गोंड आदिवासींसाठी ते गावाचं सामाईक घर: तिथे बैठक, पाहुण्यांची सोय, पोरापोरींची गाणी-नाच, गावच्या रीतिभाती शिकणं. बाहेरून गेलेल्या कैक जणांना त्यात फक्त चाळे दिसले. अशा ठिकाणी सापेक्षतावाद्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य: आधी दोन वर्षं राहा, भाषा शिका, मग तोंड उघडा.

कुर्माघराचं काय? तीही त्यांची रीतच ना?

या प्रश्नावर आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडण होतं, म्हणून जरा लांब उत्तर.

गडचिरोलीत माडिया-गोंडांच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाच्या कडेच्या झोपडीत राहायचं असतं. ते कुर्माघर. वाकून आत जावं लागतं इतकं ठेंगणं, कित्येक ठिकाणी ना खाट, ना संडास, ना उजेड. घरून आई किंवा बहीण जेवण आणते आणि बाहेर ठेवते. पावसाळ्यात गळतं. साप निघतो. तिथे राहिलेल्या बायांचे जीव गेल्याच्या बातम्या आलेल्या आहेत.

पहिला आक्षेप: काही बाया स्वतःच म्हणतात, तिथे चार-पाच दिवस कामातून सुटका मिळते, मैत्रिणी भेटतात. हे खोटं नाही, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करू नये. पण वर्षभर राबणाऱ्या बाईला सुटी फक्त विटाळाच्या नावाने मिळत असेल, तर ते घराचं कौतुक नव्हे.

दुसरा आक्षेप: झोपडीऐवजी पक्कं घर बांधा, पलंग-संडास-पंखा द्या, प्रश्न मिटला. काही ठिकाणी अशी घरं बांधलीही. टीकाकार म्हणतात, याने प्रथाच पक्की होते. मला वाटतं, साप चावून मरण्यापेक्षा पक्कं घर केव्हाही बरं. आज रात्री जी तिथे झोपणार आहे तिला तत्त्वासाठी वेठीस धरू नये. पण कसोटी त्यापुढची आहे. एखादी म्हणाली, मी घरीच झोपते, तर तिला झोपू देतील का? की दंड लागेल, पंगत द्यावी लागेल, गाव बोलेल? नाही म्हणायची सोय जिथे नाही, तिथे ‘तिची संस्कृती’ हा शब्द मी वापरत नाही.

तिसरा मुद्दा आपल्या स्वतःच्या घराचा. गडचिरोलीला नावं ठेवणाऱ्या वऱ्हाडातल्या किती घरांत ‘बाजूला बसणं’ अजून चालतं? देवघर बंद, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, आणि हातात मोबाईल. आणि हे चूक आहे असं सांगायला कोणी परदेशातून यायची गरज नव्हती. आपल्या रिद्धपूरशी ज्यांचं नातं, त्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात सांगून ठेवलं: शरीराच्या दारांतून जसं बाकीचं काही स्रवतं, नाकातून शेंबूड येतो, तसंच हेही, त्याचा विटाळ धरू नये. सातशे वर्षांवर झाली.

चक्रधर, गाडगेबाबा हे तर समाजाच्या विरुद्धच गेले. ते चूक ठरतात का?

कडक सापेक्षतावाद धरला तर ठरतात, आणि त्या मताचा हाच सगळ्यात मोठा घोळ आहे. समाज म्हणेल तेच बरोबर असेल, तर समाजाला सुधारणारा प्रत्येक माणूस व्याख्येनेच चूक. शेंडगावचे गाडगेबाबा (1876–1956) देवाला बकरं कापू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, शिवाशिव पाळू नका, हे कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून वदवून घेत. बारशाला मद्य-मांस हवं अशी रीत, तर त्यांनी आपल्या मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण दिलं, असं सांगतात. भाऊबंद रुसलेच असणार. आता यात वऱ्हाडची ‘संस्कृती’ कोणती, रुसणाऱ्यांची की बाबांची? संस्कृतीला एकच तोंड असतं असं धरून चालणारे बहुतेक वेळा पाटलाच्या ओसरीवरचं तोंड धरतात.

‘सगळ्यांच्या रीती सहन करा’ हाच सार्वत्रिक नियम नाही का?

आहे. आणि सापेक्षतावादी तो देऊ शकत नाही, कारण त्याच्या मते सगळ्यांना लागू असा नियमच नसतो. बारावीतल्या एका पोट्टीने काढलेली खोडी आहे ही. बर्नर्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाचीही तीच होती.

वर्ध्यात दारू गुन्हा अन् नदी ओलांडली की परवाना. नीती पुलावर बदलते का?

पुलगावहून धामणगावकडे निघालं की वर्धा नदी लागते आणि दारूबंदी संपते, हे सगळ्यांना पाठ आहे. गडचिरोलीत 1993 पासून बंदी. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. पण ही धोरणं आहेत. बंदीने दारू थांबते की चोरून वाढते, यावर प्रामाणिक माणसांचं दुमत असू शकतं. नवऱ्याने पिऊन बायकोला मारू नये, यावर पुलाच्या अलीकडे-पलीकडे दुमत नाही. आणि देवाला मोहाच्या दारूची धार देणाऱ्या गोंडाला गुत्तेवाल्याच्या रांगेत उभं करू नये. कायद्याला हा फरक नीट जमलेला नाही.

शंकरपट ही आपली परंपरा. त्याच्यात नीती कुठून आणली?

बैलाकडून. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 ला बैलांच्या शर्यती बंद केल्या, राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो बदल कायम ठेवला. आता नियम पाळून तळेगाव दशासरला पट भरतो, माणसं लोटतात. बैलजोडी सुटते तो क्षण पाहिला नसेल त्याने त्यावर लिहू नये, इतका तो जोरकस असतो.

पण हाच शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो, त्याच्या कानाशी म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ मान कसा द्यायचा हे त्याला कोणी शिकवायला नको. तेव्हा पटात तुतारी (टोकाला खिळा असलेली काठी) टोचली, शेपटी पिरगाळली, तर ती चूक आहे हे त्याच्याच रीतीने सांगता येतं. मी पटाच्या बाजूचा आहे, तुतारीच्या नाही. पूर्ण बंदीवाले मला पळपुटा म्हणतात. त्यांचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही: माणूस शर्यतीला हो-नाही म्हणू शकतो, बैलाला ती सोय नाही.

गावाने वाळीत टाकलं तर? गावचा निर्णय गावाचा, नाही का?

नाही. 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, जुलै 2017 पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात जा.

परीक्षेत काय लिहायचं?

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, आणि त्यात ‘दोन्ही बाजूंचा समतोल साधावा’ असं लिहिलेली उत्तरं ढिगाने येतात. एक खरं उदाहरण घ्या, झळ कोणाला बसते ते लिहा, आणि एका बाजूला उभे राहा.

झळ कोणाला आणि नाही म्हणायची सोय आहे का, एवढं विचारलं की सगळे प्रश्न सुटतात?

नाही. भामरागडकडच्या सहा वर्षांच्या पोराला आश्रमशाळेत घालायचं की नाही, याचं उत्तर मला त्यातून मिळत नाही. शिक्षण त्याचा हक्क आहे, 2010 पासून कायद्यानेही. गावात शाळा नसेल तर वसतिगृहाशिवाय इलाज नाही. पण तिथे तो माडिया भाषा विसरतो, मोहाच्या दिवसांत घरी नसतो, आजाकडून शिकायचं ते राहून जातं. सुटीत आला की आजीशी बोलताना अडखळतो. झळ त्यालाच, फायदाही त्यालाच, आणि सहाव्या वर्षी हो किंवा नाही म्हणण्याइतकं त्याला काही कळत नाही. आईबाप त्याच्या वतीने ठरवतात, पण त्यांच्यापुढे दोनच दारं ठेवलेली असतात आणि ती ठेवणारे भामरागडचे नसतात. पहिली काही वर्षं गावातच, माडियातून शिकवणारी शाळा मिळाली तर प्रश्न अर्धा हलका होईल. उरलेल्या अर्ध्यावर आमच्या बैठकीत अजून एकमत झालेलं नाही.